दात काढणाऱ्या बाई

इमारतीत लिफ्ट आहे, पण बातम्या जिन्यानेच फिरतात. त्यांना मजल्या-मजल्यावर थांबायचं असतं ना! तर एका शुक्रवारी जिन्यातून अशी बातमी खाली उतरली की तिसऱ्या मजल्यावरच्या बाई घरात दात काढतात. दर रविवारी दुपारी. माणसं येतात, दार बंद होतं, आणि मग जे किंचाळणं सुरू होतं ते ऐकवत नाही.

"भूल देत नसणार," तळमजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले. "घरगुती कारभार. भूल कुठून आणायची?"

सगळ्यांना ते लगेच पटलं, कारण बाई होत्याच दातांच्या धंद्यात. गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एका लॅबमध्ये त्या कवळ्या बनवायच्या. डॉक्टर लोक तोंडाचा ठसा घेऊन पाठवायचे, त्या ठशात प्लास्टर ओतून बाई जबडा तयार करायच्या, जबड्यावर मेणाची हिरडी चढवायच्या आणि हिरडीवर एकेक दात बसवायच्या. काम फार तुंबलं की जबडे डब्यात भरून घरी आणायच्या. एकदा लिफ्टच्या दारात त्यांची पिशवी फाटली आणि दोन जबडे घरंगळत पहारेकऱ्याच्या बुटापाशी जाऊन थांबले. तेव्हापासून तो पहारेकरी त्यांना उठून सलाम ठोकतो.

आता खरं काय ते सांगून टाकतो. बाई दर रविवारी दात काढायच्या, हे सोळा आणे खरं. फक्त ते त्यांचे स्वतःचे असायचे आणि त्यांच्या दोन बहिणींचे. म्हणजे तिघी मिळून हसायच्या. खदाखदा, पोट धरून, खुर्चीचे हात बडवत हसायच्या.

तक्रार केली होती त्यांच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकांनी. काका निवृत्त ग्रंथपाल. जन्म गेला लोकांना गप्प बसवण्यात, आणि निवृत्त झाल्यावर डोक्यावर हे आलं. त्यांनी वैतागून इमारतीच्या चिटणिसांना फोन केला आणि म्हणाले, "वरच्या बाई दर रविवारी माणसं गोळा करून दात काढतात. भिंती हादरतात हो. काहीतरी करा." चिटणिसांचं नळाच्या सामानाचं दुकान. त्यांच्या जगात अर्धा इंच म्हणजे अर्धा इंच आणि दात काढणे म्हणजे दात काढणे. त्यांनी ऐकलं, तिथल्या तिथे त्यांना घाम फुटला, आणि त्यांनी बायकोला सांगितलं. बायकोने जिन्याला सांगितलं.

बाईंना घरात ताई म्हणायचे. आपणही ताईच म्हणू, म्हणजे जवळून बोलता येईल.

ताईचं लहानपण दोन खोल्यांत गेलं. वडील कायम रात्रपाळीला. सकाळी घरी यायचे आणि दिवसभर झोपायचे. मधे एक पातळ भिंत, भिंतीच्या एका बाजूला त्यांची खाट आणि दुसऱ्या बाजूला तीन मुली. तीन बहिणी एका खोलीत असल्या की हसायला कारण लागतं थोडंच! आई स्वयंपाकाच्या ओट्यापासून डोळे वटारायची आणि दबक्या आवाजात म्हणायची, "दात काढू नका गं, बाबा झोपलेत." मग त्या बिनआवाजाचं हसायला शिकल्या. ओठ घट्ट मिटून नुसते खांदे हलवायच्या. पुढे पुढे तर त्या तिघींकडे पाहून कुणालाही वाटलं असतं की तिघींना एकदम थंडी वाजून आलीय.

वडिलांवर ताईचा राग नव्हता. माणूस रात्रभर यंत्रापाशी उभा राहायचा, त्याला झोप हवीच. पण तिने तेव्हाच मनाशी गाठ मारली होती की आपलं स्वतःचं घर झालं की त्यात झोपलेलं कुणी नसेल. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. हप्त्या-हप्त्याने घर घेतलं आणि पहिल्याच रविवारी बहिणींना बोलावून सांगितलं, "इथे खांदे वापरायचे नाहीत."

मधलीला ते सांगावंच लागलं नाही. मधली बस चालवते. इंजिनाच्या वर आवाज चढवायची सवय, त्यामुळे ती कानात गुपित सांगते तेही शेजारच्या खोलीत पोचतं. प्रश्न होता धाकटीचा. ती ज्या घरात दिली होती तिथे कुणी मारत नव्हतं की उपाशी ठेवत नव्हतं. माणसं सभ्य होती. फक्त ती हसली की सासू कपाळाला बोट लावून म्हणायची, "डोकं दुखतंय गं," आणि नवरा म्हणायचा, "लोक बघतायत." बघणारं कुणी नसलं तरी म्हणायचा. हळूहळू धाकटीचा उजवा हात हसू यायच्या आधीच तोंडावर जायला लागला. मग त्या हातावर डावा. फोटोत, दुकानात, स्वतःच्या मुलीच्या वाढदिवसालासुद्धा तोंडावर हात. आणि ही तीच मुलगी, जी लहानपणी शेजाऱ्यांच्या अशा नकला करायची की आईलाच ओट्याकडे तोंड फिरवावं लागायचं.

ताईच्या घरी तो हात खाली यायला वर्ष लागलं. आधी डावा हात सुटला. मग उजवा हनुवटीवर आला. एका रविवारी ती ताईने सांगितलेल्या, लॅबमधल्या कुणाची तरी नक्कल करता करता दोन्ही हात हवेत फेकून जी हसली, की ताई उठून आत गेली आणि बेसिनचा नळ सोडून रडली. धाकटीचं हसणं तिघींत मोठं निघालं. वरच्या पट्टीतलं, थांबलं असं वाटेपर्यंत पुन्हा उसळणारं. काकांच्या छतावर जे काही पडायचं त्यातलं बरंचसं तिचंच असायचं.

शनिवारी सकाळी चिटणीस दारात उभे. सोबत अध्यक्षबाई. अध्यक्षबाई सहसा कुणाच्या घरी जात नाहीत, त्यामुळे ताईला वाटलं पाण्याची टाकी फुटली.

"जरा बघायचं होतं," चिटणीस म्हणाले आणि लगेच बघायलाही लागले. बाल्कनीत डोकावले, न्हाणीघराचं दार ढकलून पाहिलं. "खुर्ची कुठे ठेवता?"

"या काय चार आहेत. बसा ना."

"तसली नाही. मागे कलणारी."

ताईने कोपऱ्यातली आरामखुर्ची दाखवली. चिटणिसांनी ती हाताने दाबून पाहिली, मागे कलवून पाहिली आणि अध्यक्षबाईंकडे बघून मान हलवली. "आणि थुंकतात कुठे?"

"कोण थुंकतात?"

"येणारी माणसं."

"माझ्या घरी येणारी माणसं थुंकत नाहीत," ताई आता जरा तडकली. "तुमच्या घरी थुंकतात का?"

तेवढ्यात अध्यक्षबाईंचं लक्ष खिडकीतल्या फळीकडे गेलं. तिथे प्लास्टरचा एक जबडा होता. नीट न बसलेला म्हणून लॅबने टाकून दिलेला. ताई त्यात पेनं खोचून ठेवायची. अध्यक्षबाईंनी नाकाला रुमाल लावला.

"बाई, स्पष्टच बोलतो," चिटणीस म्हणाले. "राहत्या घरात धंदा करायला इमारतीची परवानगी नाही. तुम्ही इथे दर रविवारी दात काढता अशी तक्रार आलीय. किंचाळण्याचे आवाज खालपर्यंत जातात."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. आधी तिला काही उमगलं नाही. मग खुर्ची, थुंकणं, रुमाल, असं एकेक जागेवर बसत गेलं आणि तिच्या पोटातून ते वर आलं. ती हसायला लागली. दाराला टेकली, तिथून घसरत चपलांच्या स्टँडवर बसली, तरी हसतच होती. "असे?" तिने स्वतःच्या दातांकडे बोट केलं. "हे असेच काढते का मी?"

चिटणिसांच्या डोक्यात काकांचा तो फोन पहिल्यापासून पुन्हा वाजला असावा. "म्हणजे... काकांना ते दात काढणं म्हणायचं होतं?"

"तेच."

अध्यक्षबाईंच्या रुमालामागे काहीतरी हललं, पण त्या पदावर होत्या, त्यांनी ते आवरलं. चिटणिसांच्या मात्र डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं. "अहो, मग प्रश्नच मिटला की! मी उगाच रात्रभर झोपलो नाही. तुम्ही फक्त एक करा, रविवारी जरा बेताने हसा. नुसतं हो म्हणा, मी काकांना कळवून टाकतो."

इथे ताई हो म्हणाली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. तोंडापर्यंत आलाच होता तो हो. चांगल्या माणसांना हो म्हणायची सवय असते, आणि चिटणीस वाईट नव्हते. पण 'बेताने' हा शब्द तिच्या कानात घुसला आणि त्याच्या मागोमाग तिला तीन मुलींचे सहा खांदे दिसले.

"बेताने म्हणजे किती?" तिने विचारलं.

"म्हणजे खाली जाणार नाही इतपत."

"समोरच्यांकडे महिनाभर फरशी फोडत होते. ते खाली गेलं नाही?"

"ते काम होतं. दिवसा कामाला परवानगी असते."

"पाचव्या मजल्यावरचं कुत्रं?"

"कुत्र्याला कसं सांगणार?" चिटणीस हसून म्हणाले.

"म्हणजे मला सांगता येतं म्हणून मला सांगताय."

अध्यक्षबाईंनी रुमाल पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "बाई, एवढ्याशा गोष्टीला कशाला ताणताय? नाही तर विषय सभेत घ्यावा लागेल."

"घ्या की. आणि जसा तुमच्याकडे आला तसाच लिहा. दात काढणे. एक अक्षर बदलू नका."

दुसऱ्या दिवशी बहिणी आल्यावर ताईने सगळा किस्सा रंगवून सांगितला. आरामखुर्ची मागे कलवून दाखवली. मधली "थुंकतात कुठे" वर अशी फुटली की हातातला चहा बशीत आणि बशीतला मांडीवर. धाकटीलाही हसू फुटलंच. पण फुटल्याक्षणी तिचा उजवा हात तोंडावर गेला, आणि त्याच्यावर डावा. खांदे हलायला लागले.

ताईचं हसणं तिथेच थांबलं.

"हात काढ," ती म्हणाली.

"हळू बोल गं. खाली माणसं आहेत."

"खाली माणसं पहिल्यापासून आहेत."

"तेव्हा त्यांना ऐकू जातं हे माहीत नव्हतं." धाकटीने हात काढले, पण आता हसू राहिलं नव्हतं. "सगळ्यात मोठी मीच हसते, ताई. ते म्हणतात ते माझ्याबद्दल आहे. घरी तेच, इथेही तेच. म्हणजे माझंच काहीतरी चुकत असणार. पुढच्या रविवारी मी नाही येत. उगाच माझ्यापायी तुझ्या घरावर बोट."

मधलीने एकदोन विनोद करून पाहिले. ते नुसतेच टेबलावर पडून राहिले. त्या दुपारी तिघींनी इतक्या सभ्यपणे चहा घेतला की कपाचा बशीवर टेकल्याचा आवाज ऐकू येत होता. ताईला वडिलांची झोप आठवली. इतक्या वर्षांनी ती झोप जिना चढून तिच्या घरात येऊन बसली होती, आणि ताईला त्या झोपेचा असा संताप आला की बहिणी गेल्याबरोबर ती तडक खाली गेली आणि काकांची बेल दाबली.

काकांनी दार उघडलं. बोट पुस्तकात, चष्मा कपाळावर. माणूस सभ्य. आत या म्हणाले. ताई उंबऱ्यावरच उभी राहिली.

"काका, आज काही त्रास झाला का?"

"नाही. एकदाच काय ते, मग अगदी शांत होतं." काका मनापासून म्हणाले. "आभारी आहे. अहो, तुमच्या हसण्याला माझी हरकत नाही. आवाजाला आहे."

"बिनआवाजाचं हसणं मी लहानपणी पुष्कळ केलंय. त्याला हसणं म्हणत नाहीत."

"रविवारची दुपारच तेवढी वाचायला मिळते हो. इतर दिवशी समोरची शाळा, रस्ता, गाड्या. एक पान वाचून होतं न होतं तोच वरून धबधबा. पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू. माझ्या जागी तुम्ही असतात तर?"

हे खोटं नव्हतं आणि ताईला ते कळत होतं. म्हणूनच तिला जास्त राग आला. समोरचा अगदीच चुकीचा असला की भांडायला सोपं जातं. "मी दार लावीन, खिडकी लावीन, खाली जाड सतरंजी टाकीन," ती म्हणाली. "आणि रात्री कधीच नाही. पण रविवारी दुपारी हसायचं ते मोठ्यानेच."

काकांच्या मागे स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. हातात एक कप आणि फडकं. तो कप केव्हाच कोरडा झाला होता, तरी त्या पुसत होत्या आणि ताईकडे टक लावून बघत होत्या. इमारतीत कुणीच त्यांना फारसं बोलताना ऐकलेलं नव्हतं.

सभा तळमजल्यावरच्या हॉलमध्ये होती, सायकली ठेवतात त्याच्या शेजारी. एरवी सभेला माणसं चहा आला की येतात आणि चहा संपला की जातात. त्या संध्याकाळी उभं राहायला जागा नव्हती. पाचव्या मजल्याच्या कुत्र्यालासुद्धा आणलं होतं.

चिटणिसांनी घसा साफ केला. "विषय पहिला. तिसऱ्या मजल्यावर घरात दात काढणे."

मागचे लोक टाचा उंचावून ताईच्या हातांकडे बघत होते, रक्तबिक्त दिसतंय का.

काका उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "थोडा खुलासा करतो. मी जे म्हणालो ते शब्दशः घ्यायचं नव्हतं. दात काढणे म्हणजे... म्हणजे दात दिसतील अशा पद्धतीने..." आणि आयुष्यभर पुस्तकांत राहिलेल्या त्या माणसाला नेमका शब्द सापडेना. शेवटी त्यांनी स्वतःच करून दाखवलं. ओठ फाकवून सगळे दात दाखवले. "असं."

आधी मागच्या रांगेत कुणीतरी फुसकन हसलं. मग त्याच्या शेजारचा. मग तळमजल्याचे ते भूलवाले गृहस्थ, आणि मग सगळा हॉल. चिटणीस टेबल थोपटत होते आणि स्वतःच हसत होते. अध्यक्षबाईंचा रुमाल तोंडात होता. कुत्रं भुंकायला लागलं. तो आवाज पार कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेला म्हणतात. एकटी ताई हसली नाही. ती उभी राहिली आणि हॉल गप्प होईपर्यंत उभीच राहिली.

"आत्ता झालं त्यालाच दात काढणं म्हणतात," ती म्हणाली. "आता समज कुणाला द्यायची? नावं सांगा."

भूलवाले गृहस्थ खाली बघून पायाने चपला चाचपायला लागले.

"माझी एक बहीण आहे. हसताना तोंडावर दोन्ही हात ठेवते. माझ्या घरी ते हात खाली यायला वर्ष लागलं. या तक्रारीने एका दुपारीत परत वर गेले. ती म्हणते तिचंच काहीतरी चुकतंय. काका, तुमच्या वाचनाचा खोळंबा होतो, मला मान्य आहे. मी दारं-खिडक्या लावते, सतरंजी टाकलीच आहे. पण बेताने हसायचं वचन मी देणार नाही. आत्ता नाही आणि पुढेही नाही. दुसऱ्याचे दात घडवत बसते मी दिवसभर. लोक कवळी नुसती चावायला घेत नाहीत हो. आरशात पहिल्यांदा काय करून बघतात, विचारा कुणालाही. तुम्हाला जो काय ठराव करायचा तो करा. रविवारी दुपारी माझ्या घरी दात काढले जातील."

आणि ती पटकन खाली बसली. चिटणीस अध्यक्षबाईंकडे बघायला लागले आणि अध्यक्षबाई पंख्याकडे.

"मला एक विचारायचं होतं," कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. काकू होत्या. काकांच्या शेजारी, मांडीवर पर्स धरून बसलेल्या.

"विचारा ना," चिटणीस म्हणाले.

"यांना नाही, बाईंना." काकू ताईकडे वळल्या. "मागे एका रविवारी तुम्ही फारच हसलात. थांबलात, पुन्हा हसलात. दोन भाऊ, दोन भाऊ असं काहीतरी येत होतं. काय झालं होतं एवढं?"

ताईला काही कळेना. "म्हणजे?"

"म्हणजे खाली हसू तेवढं येतं. गोष्ट येत नाही. मी गॅस बारीक करून उभी राहते, पण शब्द लागत नाहीत." काकू संकोचून थांबल्या, मग एका दमात म्हणाल्या, "गेल्या रविवारी तर एकदाच आलं आणि बंद पडलं. मला वाटलं, तुमच्याकडे कुणी आजारी पडलं की काय."

काका बायकोकडे बघतच राहिले. "तू ऐकत असतेस?"

"तुम्ही वाचत असता," काकू म्हणाल्या.

चिटणिसांनी घाईघाईने दुसरा विषय काढला, पाण्याच्या टाकीचा, आणि जीव टाकून त्यावर बोलायला लागले. दात काढण्याबद्दल ठराव झाला नाही. परवानगी नाही की बंदी नाही. इमारतीतले बरेचसे विषय असेच सुटतात.

रविवारी सकाळी ताईने धाकटीला फोन केला. "येणार आहेस ना?"

"ताई, नको गं."

"तू आली नाहीस तर मी एकटी बसून हसेन. एकटीने हसणाऱ्या बाईला लोक दात काढणारी म्हणत नाहीत, वेगळंच काहीतरी म्हणतात. तेव्हा ये."

धाकटी आली. मधलीने तिला बसस्टॉपवरून जवळजवळ उचलूनच आणली होती. ती दाराजवळच्या खुर्चीत, पर्स खांद्यालाच ठेवून बसली. हात मांडीवर, एकावर एक, तयारीत.

बेल वाजली. दारात काकू. घरातलेच कपडे, केस मात्र नीट विंचरलेले.

"ती दोन भावांची," त्या आत येता येता म्हणाल्या, "आहे ना अजून?"

"आहे की," ताई म्हणाली. "पण माझ्या तोंडी तिची माती होते. ती धाकटीनेच सांगायची."

"मला नाही आठवत," धाकटी म्हणाली. मग सगळ्या तिच्याकडे बघत बसल्या तेव्हा तिने अगदी हळू, कुजबुजत सुरुवात केली.

"मोठ्याने सांग गं," काकू म्हणाल्या. "कुजबूज मला घरी पुष्कळ मिळते."

धाकटीने एकदा जमिनीकडे, सतरंजीकडे पाहिलं. मग सांगायला लागली. ताईच्या लॅबमध्ये दोन सख्ख्या भावांच्या कवळ्या आल्या होत्या. भाऊ म्हातारे, शेजारी शेजारी राहणारे, आणि कित्येक वर्षं एकमेकांशी अबोला. दोघांचे जबडे हुबेहूब सारखे. लॅबमध्ये डबे बदलले आणि याची कवळी त्याला गेली, त्याची याला. चूक कळल्यावर ताईने दोघांना बोलावलं. वेगवेगळ्या वेळी बोलावलं, तरी दोघे एकदमच येऊन ठेपले.

इथे धाकटीला दोन भाऊ करायचे होते. तिने पर्स खाली ठेवली आणि दोन्ही हात वर केले. अंगठा आणि बोटं, एका हाताचा एक जबडा. उजवा जबडा फुरंगटून म्हणाला, "ह्याने वापरलेली कवळी मला परत नको." डावा जबडा म्हणाला, "मी वापरलेली ह्याला द्यायची नाही. मला मस्त बसलीय." उजवा म्हणाला, "मलाही बसलीय, पण ते ह्याला सांगू नका." दोन्ही जबडे एकमेकांकडे पाठ फिरवून रुसून बसले. "आणि मग," धाकटी म्हणाली, "दोघे घरी गेले. अजून बोलत नाहीत एकमेकांशी. पण बाकी जगाशी बोलतात ते एकमेकांच्या दातांनी!"

मधली फुटली. ताई फुटली. काकू क्षणभर नुसत्या बसल्या होत्या, तोंड अर्धवट उघडं. मग त्यांच्यातून एक घोगरा, तुटक आवाज आला, पाणी बऱ्याच दिवसांनी आल्यावर नळ खाकरतो तसा. मग धार लागली. काकू अशा हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. ते पाहून धाकटीचंही सुटलं. तेच ते, वरच्या पट्टीतलं, उसळणारं.

आणि खालून आवाज आला. ठक, ठक, ठक. छताला काठी लावली होती.

धाकटीचं हसणं कापल्यासारखं थांबलं. दोन्ही जबडे हवेत मोडले, त्यांचे पुन्हा तळहात झाले आणि तोंडाकडे निघाले.

काकूंनी ते हात पाहिले. डोळे पुसत त्या उठल्या, सतरंजीचं टोक पायाने बाजूला सारलं, आणि उघड्या फरशीवर टाच आपटली. एकदा, दोनदा, तीनदा. खिडकीतल्या जबड्यातली पेनं खडखडली.

खाली एकदम शांत झालं.

"त्यांना कळू दे, मी वर आहे," काकू म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. "हं. मग? घरी गेल्यावर त्या उजव्याने काय केलं?"

गोष्ट तर संपली होती. पुढे काहीच नव्हतं. धाकटीने ताईकडे पाहिलं. हात अजून हवेतच, अर्ध्या वाटेवर होते. मग उजवा हात वळला, अंगठा खाली गेला, आणि जबडा मोठ्ठा उघडून बोलायला लागला.